पीडेच्या रात्रीची सोबत
(रक्ताचा कर्करोग झालेल्या जोडीदाराच्या शुश्रूषेविषयी एक पाठ)

लोणावळ्याचे वळवण धरण तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या कामाचा पाया १९११ साली घातला गेला, आणि १९१५ साली खोपोलीची वीज घाटाखाली मुंबईस पोहोचली. जमशेटजी टाटा यांच्या मनातील ही योजना त्यांच्या पश्चात सर दोराबजी टाटा यांनी तडीस नेली. परंतु त्याच दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई यांस रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, जडला व १९३१ साली वेल्समध्ये त्यांचे देहावसान झाले. डोंगरातील पाणी अडविणाऱ्या गृहस्थास पत्नीचा हा रोग अडविता आला नाही. कारण त्यावर चालेल असे औषध तेव्हा पृथ्वीवर कोणापाशीच नव्हते. १९३२ साली या रोगाच्या संशोधनार्थ पत्नीच्या नावे निधी स्थापून दोराबजीही त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीच्या द्रव्यातून १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

आज स्थिती निराळी आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी एका नव्या औषधाने हा रोग काही काळ मागे हटतो असे मुलांच्या बाबतीत दाखविले. ज्या प्रयोगशाळेत ते औषध तयार झाले तिचे प्रमुख आपल्याच देशाचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. तेव्हापासून औषधे पुष्कळ वाढली, व कित्येक रोगी बरे होतात. मात्र ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. आणि तोंडाच्या आतील त्वचा, आतडी, केसांची मुळे व रक्त ही देखील झपाट्यानेच वाढतात. म्हणून तोंड येते, वांत्या होतात, केस गळतात व अंगातील बळ सरते.

येथेच मोठा धोका आहे. शेजारी म्हणतात, "औषधच माणसास खात आहे, घरी घेऊन या." घरचे लोक उपचार अर्धा टाकतात, आणि मागे हटलेला रोग पुन्हा उसळतो. तेव्हा या पाठाचा मुख्य बोध हा की, पीडा लपवू नये, आणि पीडेमुळे उपचारही सोडू नये. ती डॉक्टरांच्या कानी घालावी. हे काम रोग्याच्या जोडीदाराचे आहे.

पहिली गोष्ट : ऐकणे. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्यापाशी बसले, तोवर त्यांनी बरे केले. तोंड उघडताच त्यांनी त्याचे दुःख वाढविले. "धीर धर, रडू नको" असे म्हणण्याऐवजी "कोठे दुखते? कालपेक्षा अधिक की उणे?" असे विचारावे व उत्तर वहीत लिहावे. बोटांस मुंग्या येतात, चोळीचा हूक लावता येत नाही, शौचास होत नाही, ही लहान वाटणारी लक्षणेही सांगावी; डॉक्टर औषधाचे प्रमाण बदलू शकतात.

दुसरी गोष्ट : जागणे. पांढऱ्या पेशी घटल्या असता साधा ताप प्राणावर बेतू शकतो. घरी थर्मामीटर असावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, थंडी वाजली, अथवा नाकातून वा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयास कळवावे व निघावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. स्वतःच्या विचाराने तापाची गोळी देऊन ताप झाकू नये. सुई टोचून घेणे वा झाडपाला देणे, हे डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये.

तिसरी गोष्ट : तोंड व अन्न. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ व एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पुष्कळ वेळा चुळा भराव्या. ठेचा व तिखट वर्ज्य. पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी ताजी शिजवून वाटीवाटीने द्यावी. शिळे व कच्चे देऊ नये. वांतीचे औषध वांतीची वाट न पाहता नेमल्या वेळी द्यावे. आमच्या मावळात लावणीच्या दिवसांत हातपाय चिखलाने भरलेले असतात. ते साबणाने धुतल्यावाचून रोग्याजवळ जाऊ नये.

येथे पुरुषवाचकांस आम्ही स्पष्ट सांगतो. पती आजारी पडला तर पत्नी रात्रंदिवस उशाशी असते, पत्नी आजारी पडली की कित्येक घरांत तिला माहेरी धाडतात, कारण "चूल कोण पेटवील?" ती चूल पतीने पेटवावी. केस गळाल्यावर तिचा आरसा लपवू नये, आणि तिच्याकडे पाहण्याचेही टाळू नये. आजारात सोडणार नाही, हे वचन लग्नात दोघांनी दिलेले आहे.

आणि जो शुश्रूषा करतो त्यासही झोप हवी. मंडळीने एक रात्र वाटून घ्यावी, गुरांस वैरण घालावी, परळच्या फेरीस भाड्याचे पैसे जमवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. उपदेशकांनी शिधापत्रिका व इतर कागद जमविण्यास साह्य करावे.

मननासाठी प्रश्न : १. आपल्या गावी कोणाचा उपचार अर्धा सुटला आहे काय? २. त्या घरी या आठवड्यात कोण जाईल? ३. तेथे जाऊन आपण आधी बोलू की आधी ऐकू?