सोयाचं भूत आणि बोटीचा रंग

१. आधी गोळीची वेळ बघा, मग सोयाला नावं ठेवा.

पन्नाशी ओलांडली आणि रात्री अंगातून वाफा यायला लागल्या. पुण्याच्या जावेने सोयादूध सुचवलं. थायरॉइडची गोळी घेतली की लगेच वर कपभर, असा नेम धरला. तीन महिन्यांनी टीएसएच चढलेला! घरात बोभाटा झाला, "सोयात बायकांचं हार्मोन असतं, त्यानेच झालं." डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळीनंतर किती वेळाने घेता?" सोयामुळे ती गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. आता गोळी पहाटे, सोया संध्याकाळी. वाफांचं म्हणाल तर किंचित उतार, चमत्कार नाही.

२. गोष्टीबरोबर मात्राही विचारावी.

सोयावड्यांनी बाप्ये बायकी होतात म्हणून भावाने त्या सोडल्या होत्या. वनस्पतीतलं इस्ट्रोजेन खोटं नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचं क्लोव्हर गवत चरून मेंढ्या वांझ राहू लागल्या होत्या. पण त्या दिवसभर तेच चरत. सोयातलं द्रव्य आपल्या इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळं, आणि पुरुषांना देऊन पाहिलं तेव्हा त्यांचं टेस्टोस्टेरॉन काही उतरलं नाही. भावाच्या ताटात वड्या परत आल्या.

३. ताटाकडे बघताना खाडीकडे पाठ करू नये.

हार्मोनांशी खेळणारी द्रव्यं ताटाबाहेरही असतात, हे मला भाट्याच्या किनाऱ्यावर उशिराच कळलं. ओहोटीला काजळी नदीच्या खाडीत मी तिसऱ्या काढते. वर सुरूच्या सावलीत दिराची होडी ओढलेली असते, बुडाला लाल रंगाचे हात चाललेले आणि थेंब वाळूत. बुडाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून असल्या रंगांत पूर्वी कथिलाचं एक संयुग घालत, ट्रायब्युटिलटिन. त्याचा परिणाम इस्ट्रोजेनच्या उलटा. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. काही जातींना लिटरमागे एखाद-दुसरा नॅनोग्रॅम पुरतो. गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हे आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायीत नोंदवलं. तिचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोकणेन्सिस. नावातच कोकण! बोटींच्या रंगातल्या या विषावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

दिराने नवा डबा उघडला तशी मी विचारलं, "यात कथिल नाही ना?"

"वैनी, गोगलगायींची एवढी काळजी?"

"तिसऱ्या कुठल्या पाण्यातल्या खातोस?"

त्याने डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. नव्हतं.

४. गरम पिठलं प्लास्टिकच्या डब्यात भरू नये.

बिस्फेनॉल ए इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ मध्येच लंडनमध्ये कळलं होतं. पुढे त्याच्यापासून कडक, पारदर्शक प्लास्टिक केलं. बाळाच्या दूधबाटल्यांतून ते गेलं ते अलीकडे. सगळ्याच प्लास्टिकात ते नसतं, पण कशात आहे हे डब्यावरून मला ओळखता येत नाही. म्हणून कुळथाचं पिठलं आता स्टीलच्या डब्यातून शेतावर जातं, आणि जुन्या प्लास्टिकच्या डब्यांत कपड्यांचे चिमटे.