इंग्रजीचा तास आणि अमेरिकेची लोकस्थिती

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत रविवारच्या इंग्रजी वर्गाविषयी चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. वर्ग आम्ही दोघे शिक्षक मिळून चालवितो, तेव्हा ही हकीकतही दोघांच्या वतीनेच लिहीत आहोत. सभासद बंधुभगिनींपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे या वर्गास येतात. ती घरी येऊन लिंकन, बस आणि मंगळवार यांविषयी काहीबाही बोलतात आणि ‘हा इंग्रजीचा वर्ग की भूगोलाचा?’ असा प्रश्न आम्हांस वाटेत थांबवून केला जातो. त्याचे उत्तर येथे देऊन टाकावे असा विचार आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन तालुक्यांतील मुलांची भाषेची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. घरी मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची. शाळेत बहुतेकांचे शिक्षण हिंदीतून. आणि त्या दोहोंच्या वर इंग्रजी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे छडी. इंग्रजीच्या तासाला मुलांस हे दोन्ही अर्थ एकच वाटत आले आहेत. गाईवरचा निबंध पाठ, रजेचा अर्ज पाठ. पण ‘तू काल कोठे गेला होतास?’ एवढे विचारले की दहावीचा मुलगा खाली पाहतो. त्याला शब्द येत नाहीत असे नव्हे. त्या भाषेत आपल्याला काही सांगायचे आहे, असे त्याला कधी वाटलेलेच नसते.

म्हणून आम्ही ठरविले की इंग्रजीसाठी असा विषय घ्यावा, ज्यात मुले वाद घालतील. अमेरिकेचा समाज आणि तेथील राज्यकारभार हा विषय निवडला, त्याचे पहिले कारण सोपे होते. त्या देशाची बातमी रोज कानांवर येते आणि तिची भाषा इंग्रजीच असते. परंतु आरंभी आमच्या हातून चूक झाली. पन्नास राज्यांची यादी फळ्यावर लिहिली आणि ती पाठ करावयास सांगितली. तिसऱ्या रविवारी निम्मा वर्ग रिकामा होता. गाईच्या जागी आम्ही अलाबामा बांधला होता, एवढेच!

मग एका रविवारी यादी पुसून आम्ही एकच प्रश्न इंग्रजीतून विचारला : अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक मंगळवारीच का होते? तेथे १८४५ साली कायदा झाला, त्यानुसार दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा मतदानाचा दिवस आहे. देश त्या वेळी शेतकऱ्यांचा. रविवार प्रार्थनेचा, बुधवार पुष्कळ ठिकाणी बाजाराचा, आणि मत देण्यास घोडागाडीने लांबच्या गावी जायचे तर सोमवारचा दिवस वाटेत जायचा. राहिला मंगळवार. आणि नोव्हेंबर अशासाठी की सुगी उरकलेली, पण कडक थंडी अजून पडलेली नाही. बाजाराचा दिवस सांभाळून कामे ठरविणे हे आपल्या मुलांस सांगावे लागत नाही. मागच्या बाकावरून एकजण उठला आणि म्हणाला, ‘सर, नोव्हेंबरात तं आपल्याकडं कापूस वेचनं सुरू रायते, मंग मत द्याले कोन जाईन?’ दुसऱ्याने लगेच सांगितले की आपल्या विधानसभेचे मतदान २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळी नोव्हेंबरातच झाले आणि माझी आई वेचणीहून परत येऊन मत देऊन आली. आम्ही म्हटले, हेच इंग्रजीत सांग. त्याला पाच मिनिटे लागली, क्रियापदाचा काळ दोनदा चुकला, पण वाक्य त्याचे स्वतःचे होते. वर्ग खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला असे आम्ही मानतो.

पुढे शब्दांची गंमत सुरू झाली. भारताचा ‘प्रेसिडेंट’ आणि अमेरिकेचा ‘प्रेसिडेंट’ यांस हिंदीत एकच शब्द, राष्ट्रपति. मराठी वृत्तपत्रे मात्र आपल्याकडच्यांना राष्ट्रपती आणि तिकडच्यांना अध्यक्ष म्हणतात. हा भेद उगीच नाही. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तेथे अध्यक्ष हाच कारभाराचा धनी, आणि त्याचे मंत्री त्याने नेमलेले. त्या मंत्र्यांस ‘सेक्रेटरी’ म्हणतात. आपल्या सरकारात सेक्रेटरी म्हणजे सचिव, आणि आपल्या न्यासात सेक्रेटरी म्हणजे ज्यांनी आम्हांस हा लेख लिहावयास लावले ते. ‘गव्हर्नर’ आपल्याकडे राष्ट्रपतींनी नेमलेला, तेथे राज्यातल्या लोकांनी निवडलेला. ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी आपल्या गावात दिसली तर फी किती हे आधी विचारावे लागते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांच्या पैशातून चालणारी मोफत शाळा. एक शब्द, दोन देश, दोन अर्थ हे एकदा ध्यानात आले की मुले शब्दकोश आपणहून उघडतात. नववीतल्या एका मुलीने त्यात ‘अँटि-ट्रस्ट’ कायदा शोधून काढला आणि काळजीने विचारले, ‘सर, तिथं आपल्यासारख्या ट्रस्टवर बंदी हाय का?’ तिला सांगावे लागले की १८९० चा तो कायदा धर्मादाय न्यासांविरुद्ध नाही. व्यापारी कंपन्या एकत्र येऊन बाजार आपल्या मुठीत ठेवीत, त्या जुटींना तेथे ट्रस्ट म्हणत, आणि रॉकेलच्या व्यापारातली स्टँडर्ड ऑइल ही प्रचंड जूट १९११ साली याच कायद्याने मोडली गेली. विश्वस्त मंडळींनी निश्चिंत असावे.

व्याकरणाचा सर्वांत चांगला धडा आम्हांस लिंकनने दिला. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवर, तेथे पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी, त्याने केलेले भाषण अवघे दहा वाक्यांचे, सुमारे पावणेतीनशे शब्दांचे आहे. त्याच्या आधीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. (आपल्याकडच्या सत्कारसमारंभांची आठवण कोणास झाली तर ती आमच्यावर ढकलू नये.) भाषणाच्या शेवटी ‘लोक’ हा एकच शब्द तीनदा येतो आणि दर वेळी त्याच्यापुढे एक चिमुकले अव्यय बदलते : ऑफ, बाय, फॉर. मराठीत हेच काम शब्दाच्या शेपटाशी होते : लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी. हिंदीत का, द्वारा, के लिए हे शब्द वेगळे, पण तेही नामाच्या मागूनच येतात. इंग्रजीत ते पुढे का जातात, हे आपल्या मुलांस वर्षानुवर्षे उमगत नाही आणि म्हणून ती ‘घर इन’ अशा चालीची इंग्रजी लिहितात. आम्ही फळ्यावर तीन रकाने पाडले आणि लोकांच्या जागी नगरपालिका, शाळा, विहीर असे शब्द घालावयास लावले. विहीर लोकांची, लोकांनी खणलेली, लोकांसाठी. तेवढ्यात कोणी विचारले, ‘कोनत्या लोकांसाठी?’ वर्ग थोडा वेळ गप्प झाला. अव्ययांचा तास पुढच्या रविवारी पुरा करावा लागला.

काही पालकांनी स्पष्टच विचारले, ‘अमेरिकाच काहून? आपल्या देशात काय कमी आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेकडे पाहून आपल्या घराचा विचार करण्याची रीत आमची नव्हे, ती मराठीत फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केली, आणि पुस्तक मराठी असून तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली. तिकडची बेडी तुटली, आता इकडची तुटावी, हा त्या अर्पणामागचा हेतू. पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास. पुढे जवळजवळ तीन वर्षे तो देश हिंडून, व्याख्याने देऊन त्या परतल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. राज्यपद्धती, घरे, शाळा, स्त्रियांची स्थिती, व्यापार असे सगळे त्यात आहे. आमच्या लेखाचे नाव तेथूनच उसने घेतले आहे, हे जाणत्यांनी ओळखलेच असेल. मुलांस आम्ही आवर्जून सांगतो ते हे की या बाईंनी इंग्रजी शिकण्यास विशी ओलांडल्यावर आरंभ केला होता. आणि बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ साली तेथे एम. ए. झाले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी तेथील निग्रो पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांस पत्र लिहून, त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. ही मंडळी अमेरिकेने दिपून गेली नव्हती. तेथील चांगले त्यांनी घेतले आणि वाईटही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आमचा वर्ग त्याच पायवाटेने चालला आहे, फक्त फार हळू.

वाईटाचा धडा आम्ही बसवरून दिला. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या निग्रो बाईने गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्यास नकार दिला आणि तिला अटक झाली. त्यावर तेथील निग्रो समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. हजारो माणसे रोज कामावर पायी गेली. ही हकीकत सातवीच्या नागरिकशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात बरीच वर्षे होती, त्यामुळे काहींना ऐकून ठाऊक होती. इंग्रजीसाठी तिचा उपयोग असा की ‘गिव्ह अप’ या दोन शब्दांचे दोन अर्थ तिच्यात एकत्र सापडतात : जागा सोडून देणे आणि हार मानणे. तिने जागा सोडली नाही आणि लोकांनी हार मानली नाही. ही दोन वाक्ये मुलांनी तोंडी इतक्या वेळा म्हटली की शेवटी पाठ करा असे सांगावेच लागले नाही.

बहिष्काराच्या तारखा फळ्यावर लिहिताना आमच्याच ध्यानात एक गोष्ट आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील तो भेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला, तो १३ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याच्या बरोबर तीस दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरास बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती. आणि या दोहोंच्या मध्ये, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली आणि आपले पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिले. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. आपला पांढुर्णा जिल्हा झाला तो २०२३ साली. पण आपण अल्पसंख्याक झालो ते त्या नोव्हेंबरात. मुलांना हे कलम कोणी सांगितलेले नव्हते. एकाने विचारले, अमेरिकेत राजभाषा कोणती? २०२५ च्या मार्चमध्ये तेथील अध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीस तो मान दिला, त्यापूर्वी त्या देशाला केंद्रीय पातळीवर राजभाषाच नव्हती, हे ऐकून सारेच चकित झाले. मग आपल्या कलमाचा मसुदा इंग्रजीतून वाचावयास घेतला. भाषा कायद्याची, वाक्य लांबलचक. तरी दोन रविवारांत दहावीच्या मुलांनी ते उलगडले, कारण ते त्यांच्याविषयी होते.

त्यानंतर आम्ही गृहपाठ दिला : घरातल्या मोठ्या माणसास १९५६ ची एखादी आठवण विचारा आणि ती इंग्रजीत लिहून आणा. बरेचसे कागद कोरे आले, काही एकमेकांचे पाहून लिहिलेले. अकरावीच्या एका मुलीने मात्र दीड पान आणले. तिची आजी त्या वर्षी लहान होती. वडिलांच्या खांद्यावर बसून ती नागपुरास गेली होती. पांढरे कपडे घातलेली माणसेच माणसे आणि परतीच्या गाडीतली रेटारेटी एवढेच तिला आठवत होते. पण त्याआधी गावात लग्नाच्या जेवणाला आपल्या घरच्या माणसांची पंगत निराळी, उशिरा आणि मांडवाबाहेर बसत असे, हे आजीने नातीला प्रथमच सांगितले होते. मुलीने ते सगळे लिहिले होते; चुका होत्या, त्या आम्ही तिच्या शेजारी बसून दुरुस्त केल्या. एका जागी मात्र आम्हीच अडलो. ‘पंगत’ या शब्दाला तिने ‘लाइन’ लिहिले होते. लाइन तर रेशनच्या दुकानापुढेही असते. ‘रो’ म्हणावे तर ती वर्गातल्या बाकांची. ‘फीस्ट’ म्हणावे तर त्यात बाहेर बसविणे येत नाही. आम्ही दोघांनी अर्धा तास कोश चाळला. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘सर, पंगतच राहू द्या नं. खाली दोन ओळीत सांगून टाकतो.’ तसेच ठेवले आणि त्या दोन ओळी तिने आमच्या मदतीवाचून लिहिल्या.