अनुदानासाठी व्यवसाय आराखडा कसा तयार करावा?

बचत गट किंवा छोटी संस्था चालवणाऱ्यांना अर्ज भरताना नेहमी एक शंका येते. "सर, आम्ही तर समाजसेवा करतो, मग व्यवसाय आराखडा कशाला?" कारण पैसे देणाऱ्याला एकच गोष्ट बघायची असते: आपले पैसे संपल्यावर काम चालू राहील का?

आपल्या छत्रपती संभाजीनगरचंच उदाहरण घेऊ. इथलं हिमरू कापड सुती आणि रेशमी धाग्यांचं. 1327 साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीकडचे विणकर इकडे आले असं सांगतात. आज हातमागावर हिमरू विणणारे मोजकेच उरलेत, आणि बाजारात यंत्रावरचा स्वस्त माल भरपूर आहे. समजा, तुमच्या संस्थेला पाच मुलींना हे काम शिकवायचं आहे. (खालचे आकडे फक्त सरावासाठी आहेत, तुम्ही स्वतः चौकशी करून टाका.)

वर्षाचा खर्च असा: मुलींचं विद्यावेतन दरमहा 5,000 प्रमाणे 3,00,000 रुपये, उस्तादांचं मानधन 2,40,000, पाच माग 2,00,000, सूत व रेशीम 1,20,000, जागेचं भाडं 72,000, हिशेब तपासणी 18,000. एकूण 9,50,000 रुपये. बहुतेक अर्ज इथेच थांबतात. पण खरा आराखडा इथून पुढे सुरू होतो.

दुसऱ्या वर्षी अनुदान नाही. एक स्टोल विणायला तीन दिवस. मजुरी 1,200 आणि माल 500, म्हणजे 1,700 रुपये. विकला 2,100 ला, तर हातात 400. महिन्याला 25 दिवस धरले तर पाच मागांवर साधारण 41 स्टोल होतील, म्हणजे 16,400 रुपये. पण भाडं आणि उस्ताद मिळून महिन्याला 26,000 लागतात. तूट 9,600 रुपयांची!

ही तूट लपवू नका. तपासणाऱ्याला ती दिसतेच, आणि तो विचारेल तेव्हा गप्प बसण्यापेक्षा आधीच उत्तर लिहिलेलं बरं. भाव 2,400 केला तर एका स्टोलमागे 700 उरतात आणि 38 नग विकले की खर्च निघतो. मग प्रश्न येतो, 2,400 देणार कोण? अजिंठा-वेरूळला येणारे पर्यटक, प्रदर्शनं की ऑनलाइन गिऱ्हाईक? "बाजारात मागणी आहे" एवढं लिहून भागत नाही. चार दुकानदारांना नमुना दाखवा, ते काय भाव बोलले ते लिहा. किंवा उस्तादांना दुसऱ्या वर्षी अर्धा वेळच ठेवा. मुलींची मजुरी मात्र कापू नका हं. त्या सोडून गेल्या की माग धूळ खात पडतात.

आता पैसे मागायचे कुठे? आपल्याकडे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथे मोठे कारखाने आहेत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना (उदा. वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा उल्लेख आहे, तो अर्जात जरूर दाखवा. मात्र नोंदणी, 12ए आणि 80जी हे कागद आणि 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेला सीएसआर-1 नोंदणी क्रमांक आधी तयार ठेवा. नवीन संस्था असेल तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही विचारतात. तो नसेल तर आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या जोडीने अर्ज करता येतो.