आखूड नाकाचा सोबती : पग कुत्र्याची ओळख
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठाची रूपरेषा)



एका शाळेच्या भेटीस गेलो असता शहरातून आलेल्या पाहुण्यांचा पग जातीचा कुत्रा शाळेच्या अंगणात आला. मार्चचे ऊन होते. कुत्रा घोरल्यासारखा आवाज करीत धापा टाकीत होता. एका मुलाने विचारले, "साहेब, ह्याचं नाक कुणी ठेचलं?" वर्ग हसला, गुरुजींनी त्या मुलास दटावून गप्प बसविले. वस्तुतः प्रश्न अत्यंत योग्य होता. त्याच प्रश्नावर पुढील पाठ योजला आहे.

प्रस्तावना : गावातील कुत्र्याचे दुरून निरीक्षण करण्यास सांगून विचारावे : त्याचे नाक कसे आहे? ऊन लागल्यावर तो जीभ बाहेर का काढतो?

हेतुकथन : राखण किंवा शिकार यांसाठी नव्हे, तर केवळ माणसाच्या सोबतीसाठी जोपासलेल्या एका लहान कुत्र्याची आज ओळख करून घेऊ.

विषयप्रतिपादन :

(१) रूप व स्वभाव. पगचे वजन सुमारे ६ ते ८ किलो असते. अंगाचा रंग फिकट बदामी किंवा काळा, तोंड काळे, कपाळावर वळ्या, डोळे मोठे व पुढे आलेले, शेपटी पाठीवर गुंडाळलेली. तो माणसाळू असून घरात माणसांच्या मागे मागे फिरतो.

(२) इतिहास. ही जात मूळची चीनमधील. डच व्यापारामुळे ती युरोपात पोहोचली. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र पूर्ण केले. त्यात त्याच्याजवळ त्याचा पग बसला आहे. त्याचे नाक आजच्या पगपेक्षा स्पष्ट लांब दिसते. आपल्या देशात २००३ साली भ्रमणध्वनी सेवेच्या एका जाहिरातीत मुलामागून चालणारा पग घरोघरी दिसला, आणि तसाच कुत्रा हवा असे अनेकांना वाटू लागले.

(३) नाक आखूड कसे झाले? हे शेतकऱ्याच्या मुलांस सहज उमजेल. बियाण्यासाठी आपण टपोरी कणसे निवडतो, म्हणून पुढील पिकात तोच गुण उतरतो. त्याचप्रमाणे माणसांना बाळासारखा गोल चेहरा आवडला. आखूड नाकाच्या नर-मादीचीच पिल्ले पिढ्यान्पिढ्या घेतली गेली.

(४) परिणाम. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाक-तोंडातील ओलाव्याची वाफ करून तो शरीर थंड ठेवतो. पगच्या चेहऱ्याचे हाड आखूड झाले. परंतु नाकातील व टाळूचा मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाला नाही. त्यामुळे श्वासाची वाट अडते. कडक उन्हात किंवा धावपळीत असा कुत्रा दगावूही शकतो. ज्या घोरण्याचे आपण कौतुक करतो, ते पुष्कळदा श्वासाच्या कष्टाचे लक्षण असते.

अनुभव : मुलांना तोंड मिटून, एक नाकपुडी बोटाने दाबून चार श्वास घ्यावयास सांगावे. सर्दी वा दमा असलेल्या मुलांस वगळावे. नंतर विचारावे : असेच भर दुपारी धावावे लागले तर?

(५) काळजी. पगला उन्हात फिरवू नये. सावली व पाणी सतत असावे. अंगावर चरबी चढू देऊ नये. चेहऱ्याच्या वळ्या पुसून कोरड्या ठेवाव्यात. घरच्या कुत्र्यालाही रेबीजची लस हवी. मालकास विचारल्यावाचून कोणत्याही कुत्र्यास हात लावू नये. कुत्रा चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्रात जावे. हा भाग मुलांकडून दोनदा वदवून घ्यावा.

समारोप : आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर वर्गाकडूनच काढून घ्यावे. नाक माणसाने ठेचले. पण एका दिवसात नव्हे, आणि रागाने नव्हे, तर लाडाने. ज्या प्रेमात दुसऱ्याच्या सुखदुःखाची जाण नाही, ते प्रेमही जाचक ठरते. मात्र निवडीने झालेले निवडीनेच सुधारता येते. नेदरलंड देशात अति आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास रोखण्यासाठी २०१९ साली नाकाच्या लांबीचे निकष ठरविण्यात आले.

गृहपाठ : (अ) गावच्या कुत्र्याचे व पगचे तोंड बाजूने काढून दोहोंतील फरक लिहा. (आ) पग घेऊ इच्छिणाऱ्या नातेवाइकास पाच ओळींचे पत्र लिहा.

पाठाच्या वेळी मुलांनी विचारलेले प्रश्न टाचणवहीत नोंदवून ठेवावेत. ज्या प्रश्नावर वर्ग हसला असेल, तो तर अवश्य नोंदवावा.