गावाचा आराखडा : गावाचे मत कसे घ्यावे

शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीचा मगदूर पाहतो, ओल पाहतो, घरातील बी-बियाणे व बैलबारदाना यांचा अंदाज घेतो आणि मगच कोणत्या तुकड्यात काय पेरावयाचे हे ठरवितो. शेजाऱ्याने सोयाबीन पेरले म्हणून हलक्या माळावर सोयाबीन पेरणारा शेतकरी फसतो. गावाच्या विकासाचा आराखडा ही देखील एक प्रकारची पेरणीच होय. गावाची गरज न पाहता केलेला आराखडा कागदावर कितीही नीटनेटका असला तरी तो गावात रुजत नाही. ही गरज ओळखण्याचा मार्ग म्हणजे गावकऱ्यांचे मत घेणे. ते कसे घ्यावे, कोणाचे घ्यावे व केव्हा घ्यावे, याचा विचार हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती समोर ठेवून येथे केला आहे.

वरून आलेली योजना व खालून निघालेली योजना

सामुदायिक विकास कार्यक्रम देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. गावोगावी ग्रामसेवक नेमले गेले, रस्ते, विहिरी व शाळा यांची कामे निघाली. परंतु लोक ही कामे आपली मानीनात. या अनुभवाची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ मध्ये असा निष्कर्ष काढला की, लोकांच्या हाती अधिकार व जबाबदारी दिल्याखेरीज त्यांचा खरा सहभाग मिळणार नाही. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. हिंगोलीचा भाग त्या वेळी परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला.

यापुढची मोठी पायरी म्हणजे घटनेची ७३ वी दुरुस्ती. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली. अकराव्या अनुसूचीत यासाठी २९ विषय दिलेले असून शेती, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन, पिण्याचे पाणी व रस्ते हे त्यांत येतात. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला विकास आराखडा तयार करावा असे ठरले. म्हणजेच गावाने स्वतःसाठी योजना करण्याचा अधिकार आता मागावयाचा राहिलेला नाही. तो वापरावयाचा आहे.

कायद्याने काय सांगितले आहे

गावाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे ते सर्व ग्रामसभेचे सभासद होत. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या सुमारास त्या होतात. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हजर असले म्हणजे गणपूर्ती होते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते व तिच्यातील शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवावयाच्या असतात.

गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. ही तरतूद कामकाज खोळंबू नये म्हणून आहे. परंतु पहिली सभा तहकूब करावयाची, दुसरीत दहा-पंधरा मंडळींनी ठराव करावयाचा आणि नोंदवहीवर नंतर घरोघरी सह्या घ्यावयाच्या, असा प्रघात पडला तर कायद्याचे शब्द पाळले जातात व त्याचा हेतू मात्र बुडतो. सह्यांची संख्या म्हणजे गावाचे मत नव्हे, हे कार्यकर्त्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

सभेला कोण नसते, हे आधी पाहावे

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांची स्थिती सारखी नाही. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या वसमतकडील गावात हळदीचे पीक महत्त्वाचे, तर औंढ्याच्या डोंगराळ भागातील हलक्या जमिनीच्या गावात पावसावरील सोयाबीन व तूर हाच आधार. एका गावातही कालव्याखालचा बागायतदार, माळावरचा कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर आणि मूळ गावापासून दूर वसलेला तांडा यांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. सभेत जो बोलतो त्याची गरज आराखड्यात उतरते; जो हजरच नाही त्याची राहून जाते.

म्हणून सभेची तारीख व वेळ ही किरकोळ बाब समजू नये. तांडे व वाड्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. २६ जानेवारीच्या सभेला ती नसतात. त्या सभेत तांड्याच्या पाण्याचा प्रश्न निघाला नाही तर तेथे प्रश्नच नाही असे समजणे चूक होईल. १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या सभांच्या वेळी ही कुटुंबे बहुधा गावी असतात. त्यांचे म्हणणे याच काळात नोंदवून घ्यावे. २ ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी चालू असते. सकाळी अकरा वाजता बोलाविलेल्या सभेला मळणी सोडून कोण येईल? अशा दिवसांत ग्रामपंचायतीने सोयीची वेळ धरावी. दिवेलागणीनंतर वस्तीवर घेतलेली लहान बैठक मोठ्या सभेपेक्षा अधिक उपयोगी पडते. १ मेच्या सुमारास विहिरींनी तळ गाठलेला असतो. पाण्याची पाहणी करण्यास याहून योग्य काळ नाही.

मत घेण्याची रीत

ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम मिळाले आहे. त्यांनी, तसेच कृषी सहायक, अंगणवाडी सेविका, शिक्षक व सरपंच यांनी मिळून पुढील क्रमाने काम केल्यास सोयीचे होते.

१) प्रथम वस्तीवार यादी करावी. गावठाण, वाड्या, तांडे व शेतवस्त्या यांपैकी एकही सुटू नये. प्रत्येक वस्तीवर बैठक घ्यावी व तेथील मागण्या त्यांच्याच शब्दांत लिहाव्या.

२) महिलांची सभा त्यांच्या कामाची वेळ पाहून व त्यांना मोकळेपणाने बोलता येईल अशा ठिकाणी घ्यावी. पाणी किती अंतरावरून आणावे लागते, हे पाणी आणणारीलाच ठाऊक असते.

३) त्यानंतर शिवारफेरी काढावी. नाला कोठे फुटतो, बंधारा कोठे गाळाने भरला आहे, पाणंद रस्ता कोठे बंद पडतो, हे सर्वांनी मिळून पाहावे व नकाशावर खूण करावी. जागेवर पाहिलेल्या गोष्टीबद्दल सभेत वाद कमी होतात.

४) मागण्यांची एकत्र यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी व सभेत मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही ती कळेल.

५) मसुदा तयार झाल्यावर पंचायत समितीच्या स्तरावर त्याची तांत्रिक छाननी होते. छाननीत काही काम वगळले किंवा बदलले गेले तर त्याचे कारण अंतिम मान्यतेच्या ग्रामसभेत सांगावे.

मोठ्या सभेत थोडेच लोक बोलतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. केरळ राज्यात १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा ग्रामसभेला जमलेल्या लोकांना विषयवार लहान गटांत बसवून चर्चा करण्याची पद्धत घालण्यात आली. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटाची रीत पाडली. एखाद्या विषयाची माहिती आधी अभ्यासगटात घ्यावयाची, तिच्यावर बोलावयाचे आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने करावयाचा, अशी ही रीत आहे. शेतीशाळा व बचत गट यांची सवय असलेल्या गावांना ती अवघड जाऊ नये.

पाण्याचा हिशेब सभेपुढे ठेवावा

मत घेणे म्हणजे केवळ मागण्या गोळा करणे नव्हे. मत माहितीवर आधारलेले असावे. पाण्याचे उदाहरण घेऊ. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर व पाऊस ९०० मिलिमीटर धरल्यास शिवारात ७२ लाख घनमीटर पाणी पडते. गावाची वस्ती २,००० असून माणशी रोज ५५ लिटर पाणी लागते असे धरले तर वर्षाची गरज सुमारे ४०,००० घनमीटर होते. जनावरांचे पाणी वेगळे धरावे. म्हणजे माणसांना लागणारे पाणी पडलेल्या पावसाच्या शंभराव्या हिश्शाइतकेही नाही. तरीही उन्हाळ्यात हंडे घेऊन रांग का लागते?

याचे उत्तर पुढील आकड्यांत आहे. पडलेल्या पावसापैकी बरेच पाणी वाहून जाते व बाष्परूपाने उडून जाते. उरलेले जमिनीत मुरते व साठते, आणि त्यावर पिकांची गरज भागते. एक हेक्टर पिकाला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली की ५०० घनमीटर पाणी लागते. अशा दहा पाळ्या दिलेल्या केवळ आठ हेक्टर पिकाला लागणारे पाणी सर्व गावाच्या वर्षाच्या घरगुती पाण्याइतके होते. हळदीसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकाला याहून अधिक पाळ्या द्याव्या लागतात. हा हिशेब बागायतदारास दोष देण्यासाठी नाही. ठिबक संचाने, पीकरचनेने व नाल्यावरील बंधाऱ्यांच्या दुरुस्तीने किती पाणी वाचेल व साठेल, याचा विचार दोन्ही बाजूंनी एकत्र बसून करावा, यासाठी तो आहे. आकडे समोर असले म्हणजे भांडण माणसांत न राहता प्रश्नावर येते.

पैशाचा हिशेबही उघडा असावा

गावकऱ्यांना उपलब्ध रक्कम न सांगता मागण्या विचारल्या तर शंभर कामांची यादी होते, त्यांतील पाच होतात आणि पंचाण्णव मागणाऱ्यांचा विश्वास उडतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित व ४० टक्के अबंधित असे भाग होते. बंधित भागातील निम्मी रक्कम पिण्याच्या पाण्यासाठी व निम्मी स्वच्छतेसाठी होती. म्हणजे १० लाख रुपयांपैकी ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला व ४ लाख गावाने ठरविलेल्या अन्य कामांना, असा तो मेळ होता. अनुदानाचे नियम आयोगागणिक बदलतात. म्हणून चालू वर्षाचे नियम व रक्कम सभेच्या आरंभीच वाचून दाखवावी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात, हेही सांगावे.

ज्याचे काम झाले नाही त्यास उत्तर द्यावे

सर्व मागण्या एका वर्षात पुऱ्या होणे शक्य नाही. मात्र प्रत्येक मागणीस उत्तर देणे शक्य आहे. यासाठी वहीत चार रकाने आखावे : मागणी, कोणत्या वस्तीची, काय ठरले व का. ‘पाणंद रस्ता पुढील वर्षी, या वर्षी तांड्याची पाणीपुरवठा दुरुस्ती आधी’ असे कारण लिहिलेले असले की मागणारा नाराज झाला तरी दुरावत नाही. विरोधी मतही नोंदवावे. पुढील सभेच्या आरंभी ही वही वाचून दाखवावी आणि मागील वर्षी ठरलेल्यांपैकी काय झाले, काय राहिले हे सांगावे. कामाच्या जागी खर्चाचा फलक लावावा.

गावाने मिळून ठरविलेल्या बंधाऱ्याचा गाळ काढण्यास गावकरी पुढे येतात. न विचारता बांधलेल्या बंधाऱ्याची फळीसुद्धा पावसाळ्यानंतर कोणी वेळेवर बसवीत नाही. आराखड्याची खरी कसोटी ही आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वस्त्यांची यादी पुढे घ्यावी, मागील सभेला कोणत्या वस्तीतून एकही माणूस आला नव्हता ते पाहावे आणि पहिली बैठक त्याच वस्तीवर घ्यावी.