वर्षावासात अंडे सुटले, ताटात त्याच्या जागी काय आले?

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने आपल्या पुष्कळ घरांत मटण-मासळी बंद असते. विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालू असते, पौर्णिमेला उपोसथ असतो, आणि घरातली बाई या काळात अंडेसुद्धा आणत नाही. याच दिवसांत आम्ही ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत वस्त्यांमध्ये हिमोग्लोबिन तपासायला बसतो, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. अंडे, सुकट, मटण बंद केले. मग त्याऐवजी सुरू काय केले? उत्तर बहुतेक वेळा एकच असते. चपाती, बटाटा, चहा. कुणाकडे साबुदाणा, जो आपल्या आज्यांच्या घरात कधी नव्हता.

अलीकडे कॉलेजात जाणारी मुले-मुली याच्याही पुढचे विचारतात. "ताई, दूधही सोडायचंय. व्हीगन व्हायचंय. चालेल का?" चालेल. मात्र आधी ते काय आहे हे आईला नीट समजावून सांगा, कारण स्वयंपाक तिलाच करायचा असतो (तुम्हीही करायला हरकत नाही). व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. आपल्याकडचा शाकाहारी माणूस दूध, दही, तूप, पनीर खातो. व्हीगन माणूस तेही खात नाही, मध खात नाही, आणि शक्यतो चामडे, रेशीम, लोकरही वापरत नाही. जनावराकडून काही घ्यायचे नाही, असा तो विचार आहे.

आता मनात येणारी पहिली शंका. हे आपल्यावर लादले जाणारे सोवळे तर नाही ना? शंका रास्त आहे. काय खाता यावरून आपल्या माणसांना घर नाकारले जाते. २०१५ साली राज्यात गोवंशहत्याबंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या आपल्या भावंडांना भर रस्त्यात फोडून काढले. २०२५ च्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनीच, कल्याण-डोंबिवली महापालिकेने कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवायला सांगितले आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी जानेवारीत शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी मिळणारा राज्याचा निधी थांबला. दुसऱ्याच्या पोराच्या ताटातले अंडे काढून घेणे आणि स्वतःच्या विचाराने स्वतःचे अंडे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा विरोध पहिल्या गोष्टीला आहे.

धम्मातही सक्ती नाही. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासळी कायमची बंद करा अशी मागणी केली होती, ती तथागतांनी मान्य केली नाही. बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. म्हणून जो खातो तो कमी बौद्ध नाही, आणि जो करुणेपोटी सोडतो तो कुणाच्या सोवळ्यात गेला असेही नाही. विहारात एकमेकींचे डबे बघून नाक मुरडणे मात्र बंद व्हायला हवे.

आजीच्या चुलीवरचे व्हीगन

व्हीगन म्हटले की मोबाईलवर बदामाचे दूध आणि टोफू दिसतात आणि किमती बघून माणूस तिथेच थांबतो. खरे तर दूध-तूप आपल्या घरांत होतेच कधी? ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, तांदुळजा, घोळ, हुलग्याचे माडगे, पिठले, झिरके. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून ठाण्या-कल्याणला कामाला आलेल्या आपल्या आज्यांनी हेच रांधले. यात दुधाचा थेंब नाही. हे गरिबीचे खाणे म्हणून आपण मागे टाकले आणि त्या जागी मैद्याचा पाव आणि चहा-खारी आणली. वडापावही व्हीगनच आहे, बिस्किट सोडले तर चिप्सचे पाकीटही. तेवढ्याने अंगात रक्त भरत नाही.

हिशेब अंड्याने करू, म्हणजे लक्षात राहील. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात. किंवा ३० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांत, मुगांत, मटकीत, हुलग्यांत. किंवा १२-१३ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरी, चपाती आणि भातातून त्यातली बरीच येतात, पण डाळीतल्या प्रथिनांची जोड मिळाली तरच ती शरीराला नीट लागतात. म्हणून डाळ पातळ पाण्यासारखी नको. चार माणसांच्या घरात दिवसाला पाव किलो डाळ-कडधान्य शिजले पाहिजे. अर्धा लिटर दुधाची पिशवी बंद केली तर त्याच पैशात पावशेर हरभरे येतात, एवढे बाजारात विचारून पाहा.

माडगे पोरींना येत नाही, म्हणून सांगतो. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून दळून आणायचे. माणशी दोन मोठे चमचे भरून पीठ थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचे. तेलात जिरे आणि ठेचलेला लसूण घालून वरून पाणी टाकायचे, उकळी आली की कालवलेले पीठ सोडून ढवळत राहायचे. मीठ, थोडी हळद. दहा मिनिटांत होते. पावसाळ्यात ताप-खोकल्याच्या माणसालाही चालते, आणि एका वाटीत एका अंड्याइतकी प्रथिने येतात.

मटणाची आठवण ज्यांना फार येते त्यांच्यासाठी सोयाबीनच्या वड्यांचा खिमा. चार माणसांना १०० ग्रॅम वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा, घट्ट पिळा, पुन्हा साध्या पाण्यात बुडवून पिळा. दोनदा पिळल्याशिवाय तो उग्र वास जात नाही, आणि पहिल्या दिवशी वास आला की नवरा ताट सरकवतो. मग मिक्सरला जाडसर फिरवा. कांदा, भाजलेले खोबरे, आले-लसूण आणि तुमचा नेहमीचा काळा मसाला. मटणाची अर्धी चव त्या मसाल्याचीच असते. माणशी १३ ग्रॅम प्रथिने, म्हणजे दोन अंडी.

चहा हा दुधाचा सर्वांत मोठा खर्च. कोरा चहा, त्यात गवती चहा, आले. आठ दिवसांत जीभ वळते. शेंगदाणे किंवा सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून दूध करता येते. सोयाबीनचे असेल तर ते पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळायलाच हवे, कच्चे बाधते. पण याला दूध म्हणतो तरी त्यात गाईच्या दुधाइतका चुना नाही. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. दिवसाला एक नाचणीची भाकरी आणि दोन चमचे न सोललेल्या तिळाची चटणी एवढे धरून चाला.

रक्ताचे काय

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. मटण-मासळीतले लोह शरीरात लवकर मुरते, पालेभाजी-डाळीतले कमी. त्याला मदत लागते ती आंबटाची. जेवताना लिंबू पिळा, पेरू खा, आवळ्याच्या दिवसांत आवळा. मटकीला मोड आणा, मोडांमुळे लोह जास्त लागू पडते. आणि जेवणाच्या तासभर आधी व तासभर नंतर चहा नको. चहा लोह धरून ठेवतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्या कितीतरी बायका आम्हाला भेटतात, आणि मग म्हणतात गोळीने गुण येत नाही. बीट लाल असते म्हणून रक्त वाढते, हा समजही सोडा. त्या पैशात शेवग्याचा पाला आणि लिंबे आणा. बाळंतिणीला अळीव द्या.

याच महिन्यांत शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका कल्याण आणि ठाणे स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसतात. कुर्डू, भारंगी, टाकळा, करटोली. फुकट नाही, पण ताजी असते आणि पैसे कष्टकरी बाईच्याच हातात जातात. टाकळा मूगडाळ घालून करा. ओळख नसेल ती भाजी कशी करायची हे तिलाच विचारून घ्या. शेवळ्यासारखी भाजी आंबट काही न घालता केली तर घसा खाजतो.

जे ताटात मिळतच नाही

एक गोष्ट कुठल्याही डाळीत, पाल्यात, धान्यात मिळत नाही. जीवनसत्त्व बी-१२. ते दूध, अंडी, मासे, मांसात असते. इथे आजीचा अनुभव कामाला येत नाही, कारण आजी वर्षभर सुकट-बोंबील खात होती. यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो भरलेला असेल तर तीन महिन्यांच्या वर्षावासाने काही बिघडत नाही. दूधही कायमचे सोडले तर मात्र दोन-चार वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, चालताना तोल जातो, विसर पडतो. लोक ते वयावर ढकलतात. फॉलिक ॲसिडच्या गोळीने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकतो आणि आत नसांचे नुकसान चालूच राहते. उशीर झाला तर ते सगळे भरून येत नाही.

आम्ही नोकरीत असताना एक आठ-नऊ महिन्यांचे मूल आले होते. बसायला लागलेले मूल बसेनासे झाले, हसणे बंद, हात थरथरत होते. आईचे खाणे फार तोकडे, ना दूध ना अंडे, आणि बाळ फक्त अंगावर पीत होते. आईकडेच बी-१२ नव्हते, तर दुधात येणार कुठून? इंजेक्शने सुरू झाल्यावर मूल हळूहळू सावरले.

म्हणून जो दूध-अंडे कायमचे सोडेल त्याने बी-१२ ची गोळी घ्यायची, तिला पर्याय नाही. रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, असा व्हीगन लोकांना साधारण सल्ला दिला जातो. आधीच कमी निघाले तर डॉक्टर इंजेक्शन देतील. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ तसेही घटते, त्यांनी सोडण्याआधीच तपासून घ्यावे. गोळी घेणे म्हणजे हार नाही. आयोडीनचे मीठ आपण रोज खातोच की.

आणि काहींनी सध्या काहीच सोडू नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, दोन वर्षांच्या आतले मूल, टीबीचे औषध चालू असलेला माणूस. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, त्यातून अंडी आणि शेंगदाणे येऊ द्या. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे घरगुती दूध कधीही देऊ नका.

पाकिटांविषयी थोडे. हिरवा ठिपका असला म्हणजे व्हीगन नव्हे, त्यात दूध चालते. ग्लुकोज बिस्किटातही दुधाचा अंश असतो. व्हीगन मालासाठी आपल्याकडे २०२२ पासून वेगळे नियम आहेत आणि त्याचे हिरव्या 'व्ही'चे चिन्ह आहे, पण ते चिन्ह असलेला माल बहुतेक महागच. घरातली चामड्याची चप्पल टाकून नवी विकत आणायची गरज नाही. ती झिजू द्या, पुढची रबराची घ्या. आणि चप्पल शिवणाऱ्या माणसाशी वाद घालायला जाऊ नका, रबराची चप्पलही तोच सांधून देतो.

सुरुवात सगळे एकदम सोडून करू नका. पहिल्या आठवड्यात रोज एक वाटी कडधान्य वाढवा. दुसऱ्या आठवड्यात चहा जेवणापासून लांब न्या आणि लिंबू आणा. घरातल्या लहानांचे अंडे चालू असू द्या. मग तुमचे अंडे, दूध काय ते सोडा. हिमोग्लोबिन आषाढ पौर्णिमेच्या आसपास एकदा आणि अश्विन पौर्णिमेनंतर एकदा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासा, आणि दोन्ही आकडे एकाच वहीत लिहा. दुसरा आकडा खाली आला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन महिन्यांत काय खाल्ले ते सांगा. नुसते "अशक्तपणा वाटतो" म्हणाल तर टॉनिकची बाटली हातात मिळेल.