एकाच घरात दोन औषधे का?

प्रश्न : पुतण्याच्या आकडीला कार्बामाझेपिन लागू पडले. माझी नऊ वर्षांची मुलगी पडत नाही, क्षणभर टक लावून राहते. तिला तेच औषध डॉक्टर का देत नाहीत?
– एक पालक, पोलादपूर

उत्तर : अपस्मार हे अनेक व्याधींचे सामायिक नाव आहे. पुतण्याचा झटका बहुधा मेंदूच्या एका भागातून उठत असावा. तेथील पेशींत सोडियमचे कण वारंवार घुसून जो विद्युत्क्षोभ माजतो, त्यास कार्बामाझेपिन पेशींच्या द्वाराशीच मज्जाव करते. मुलगी मात्र बोलता बोलता थबकते, पापण्या फडफडतात आणि काही सेकंदांत, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, ती पुढे बोलू लागते. हे लक्षण मेंदूच्या आलेखात सेकंदाला ३ या गतीने उमटणाऱ्या लहरींचे असल्यास, त्यांच्या मुळाशी असलेल्या कॅल्शियमच्या प्रवाहास आवरणारे एथोसक्सिमाइड गुणकारी ठरते, आणि कार्बामाझेपिनने तर झटके उलट बळावतात. व्हॅल्प्रोएटही चालते, परंतु ते गर्भास अपायकारक असल्याने मुलींच्या बाबतीत पुढचा विचार आधीच करावा लागतो. तेव्हा आपल्या डॉक्टरांचा नकार मला सर्वथा रास्त वाटतो.

जुलै २०२१ च्या महापुरात आपल्या शेजारच्या महाडची काय गत झाली, हे आपण जाणताच. अशा पुरात औषध मिळेनासे होऊन ते एकाएकी तुटल्यास झटके अनावर होऊ शकतात, सबब पावसाळ्यापूर्वी गोळ्यांची बेगमी अवश्य करावी.